पहिली प्रत कोण काढतो? डेंग्यू, चांदीपुरा आणि पेशीतला आरएनए

प्रश्न: मी नागपुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘विषाणू पेशीची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो’ एवढं एक वाक्य पुस्तकात येतं आणि पुढचा धडा सुरू होतो. आरएनए विषाणूच्या प्रती पेशीचं नेमकं कुठलं एन्झाइम काढतं? पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्ट्रँड विषाणूंमध्ये प्रत्यक्ष फरक काय पडतो? आणि आरटी-पीसीआरमध्ये आरएनए सापडला म्हणजे तो विषाणू त्या वेळी शरीरात वाढतच असतो का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर: पेशीचं कुठलंच एन्झाइम काढत नाही. विषाणूचा अख्खा आरएनए वाचून त्यावरून दुसरा आरएनए बनवण्याची सोय आपल्या पेशीत नाही. पुस्तकातलं वाक्य अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच आरएनए विषाणूंचं सगळं मर्म आहे. मी नागपुरात बरीच वर्षं विषाणू निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे येणारे नमुने मुख्यतः डेंग्यू, चिकुनगुन्या आणि फ्लूच्या संशयाचे असतात. हे तिन्ही आरएनए विषाणू आहेत आणि एकच अडचण तिघांनी तीन तऱ्हांनी सोडवली आहे. म्हणून नव्या मुलांना मी सांगते, कुठलाही आरएनए विषाणू समोर आला की आधी एवढंच विचारा: पेशीत शिरल्यावर याची पहिली प्रत कोण काढणार? बाकीच्या बहुतेक गोष्टी या एका प्रश्नातून उलगडत जातात.

पेशी विषाणूला काय देते ते आधी पाहू. रायबोसोम देते, ट्रान्सफर आरएनए देते, अमिनो आम्लं, एटीपी, चारही न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएची अक्षरं, आणि पटलं देते. रायबोसोम नसेल तर विषाणूचं एकही प्रथिन तयार होणार नाही. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. पण आपल्या पेशीत आरएनए बनतो तो डीएनए वाचून, आणि तेही मुख्यतः केंद्रकात. तिथल्या आरएनए पॉलिमरेजना, म्हणजे आरएनए जोडणाऱ्या एन्झाइमांना, साचा डीएनएचाच लागतो. मेसेंजर आरएनए केंद्रकातून पेशीद्रवात आला की रायबोसोम त्याला वाचतात आणि काही काळाने तो तुटून जातो. त्याच्यावरून आणखी आरएनए काढावा अशी पेशीला गरजच पडत नाही. वनस्पतींत आणि काही कृमींत आरएनएवरून आरएनए काढणारी एन्झाइमं आहेत, ती जनुकांचं काम दाबण्यासाठी वापरली जातात. सस्तन प्राण्यांत ती नाहीत. उलट आपल्या पेशीद्रवात लांब दुपदरी आरएनए दिसला तर पेशी तो संकटाचा पुरावा समजते. आरआयजी-आय आणि एमडीए-५ नावाची प्रथिनं तो ओळखतात आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्धच्या धोक्याच्या निरोपाचा, मार्ग सुरू होतो. आता गोम अशी की आरएनएवरून आरएनए काढायचा तर अधेमधे दोन पूरक साखळ्या एकमेकींजवळ येणारच. म्हणजे विषाणूला एन्झाइम स्वतःचं हवं, आणि त्या एन्झाइमचं काम पेशीच्या नजरेआड चालायला हवं.

या एन्झाइमला आरएनए-डिपेंडंट आरएनए पॉलिमरेज म्हणतात, आम्ही आरडीआरपी म्हणतो. ते खरंच विषाणूचं असतं का, पेशीचंच एखादं एन्झाइम वेगळं वागत नाही ना, ही शंका तुम्हाला यायला हवी. ती मिटवणारा जुना आणि सुंदर प्रयोग आहे. ॲक्टिनोमायसिन डी हे औषध डीएनएवरून आरएनए निघणं बंद पाडतं. पेशींवर ते घातलं की पेशीचा स्वतःचा नवा आरएनए जवळजवळ थांबतो. अशा पेशीत पोलिओसारख्या विषाणूचा आरएनए मात्र बिनबोभाट तयार होत राहतो. पेशीची पॉलिमरेज गप्प असताना हे काम चालतं, याचा अर्थ ते करणारं एन्झाइम वेगळं आहे. हा प्रयोग लक्षात ठेवा, फ्लूपाशी त्याची पुन्हा गरज पडेल.

आता डेंग्यू. नागपूरकरांना डेंग्यूची ओळख करून द्यायची गरज नाही. उन्हाळा संपला तरी कुलरच्या टाकीतलं पाणी तसंच राहतं आणि एडिस डासाला घरातच जागा मिळते, हे दर वर्षी दिसतं. या विषाणूचा जीनोम म्हणजे सुमारे १०,७०० न्यूक्लिओटाइडची एकच आरएनए साखळी. ती पॉझिटिव्ह आहे, म्हणजे मेसेंजर आरएनए ज्या दिशेने वाचला जातो त्याच अर्थाची. पुढच्या टोकाला पेशीच्या आरएनएला असते तशी कॅप, म्हणजे रासायनिक टोपी आहे, मागे पॉली-ए शेपूट, म्हणजे ओळीने नुसती ए अक्षरं, मात्र नाही. विषाणू पेशीच्या आत पिशवीत ओढला जातो, पिशवीतली आम्लता वाढते, विषाणूचं आवरण पिशवीच्या पटलात मिसळतं आणि साखळी पेशीद्रवात येते. रायबोसोमला ती परकी वाटत नाही. तो वाचायला लागतो आणि सुमारे ३,४०० अमिनो आम्लांचं एकच अजस्र प्रथिन तयार करतो. आपल्या पेशीत रायबोसोम सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो, तेव्हा हे काम साधारण दहा मिनिटांचं. मग विषाणूचा स्वतःचा प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, आणि पेशीचे प्रोटिएज मिळून त्या लांब प्रथिनाचे दहा तुकडे करतात. तीन तुकडे नव्या विषाणूच्या अंगाचे, उरलेले सात प्रती काढण्याच्या आणि पेशीला गुंगारा देण्याच्या कामाचे. त्यातलं एनएस-५ हे पॉलिमरेज. पहिली प्रत काढणारा इथे जन्माला आला. डेंग्यूचा विषाणू पॉलिमरेज सोबत आणत नाही, ते बनवायची कृती आणतो.

म्हणूनच डेंग्यूचा नुसता, प्रथिनांशिवायचा शुद्ध आरएनए पेशीत सोडला तरी संसर्ग सुरू होतो. पॉझिटिव्ह विषाणूंची ही खूण १९५६ मध्ये तंबाखूच्या मोझॅइक विषाणूवर पहिल्यांदा दिसली. तोवर आनुवंशिक माहिती एकट्या आरएनएत असू शकते हे अनेकांना पटत नव्हतं.

इथे एक पेच आहे आणि मला तो या विषयातला सगळ्यात रंजक भाग वाटतो. रायबोसोम साखळीवर पुढच्या, म्हणजे पाच-प्राइम टोकाकडून मागच्या, म्हणजे तीन-प्राइम टोकाकडे चालतो. पॉलिमरेज त्याच साखळीचा साचा म्हणून उपयोग करताना तीन-प्राइम टोकाला सुरुवात करून पाच-प्राइमकडे सरकतं. एकाच साखळीवर दोघं समोरासमोर येणार. पोलिओवरच्या प्रयोगांत दिसलं की रायबोसोम चालू असलेल्या साखळीची प्रत पॉलिमरेज काढू शकत नाही. म्हणजे कधीतरी वाचन थांबवून प्रत काढायला सुरुवात झाली पाहिजे. डेंग्यूने यासाठी साखळीची दोन्ही टोकं एकमेकांना पूरक ठेवली आहेत. ती जुळली की लांब साखळी वर्तुळाकार होते. एनएस-५ बसतं ते पाच-प्राइम टोकाच्या एका विशिष्ट घडीवर, आणि वर्तुळामुळे तीन-प्राइम टोक शेजारीच आल्याने तिथून प्रत सुरू करतं. हे ब्यूनस आयर्समधल्या आंद्रेआ गामार्निक यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. पॉलिमरेज एका टोकाला बसतं आणि काम दुसऱ्या टोकाला सुरू होतं, हे वाचताना विचित्र वाटतं. पण विचार करा, अशा मांडणीत दोन्ही टोकं शाबूत असलेल्या साखळीचीच प्रत निघते. तुटक्या साखळीवर मेहनत वाया जात नाही.

पहिली प्रत निघते ती पूरक, म्हणजे निगेटिव्ह साखळी. ती कुठलंही प्रथिन देत नाही, नव्या विषाणूतही भरली जात नाही. ती फक्त साचा. तिच्यावरून मग एकामागून एक पॉझिटिव्ह साखळ्या निघतात, निगेटिव्हच्या दहापटीहून जास्त. त्यातल्या काही पुन्हा रायबोसोमकडे, काही पुन्हा साचा म्हणून, काही नव्या विषाणूच्या पोटात. एनएस-५ चं दुसरं टोक मिथाइल गट लावून नव्या साखळीची कॅप पेशीच्या कॅपसारखी करतं, त्यामुळे पेशीचे पहारेकरी तिला आपलीच समजतात. एनएस-३ दुपदरी भाग उलगडतं, शिवाय तेच विषाणूचं प्रोटिएजही आहे. एका प्रथिनाला दोन-दोन कामं हे लहान जीनोमच्या विषाणूंत सर्रास दिसतं.

हे सगळं उघड्या पेशीद्रवात होत नाही. डेंग्यू पेशीच्या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलाला आतल्या बाजूला खळगे पाडतो. सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाचे कप्पे, प्रत्येकाला पेशीद्रवाकडे उघडणारं एक अरुंद तोंड. दुपदरी आरएनए आत, एमडीए-५ बाहेर. न्यूक्लिओटाइड आत जातात, नवी साखळी बाहेर येते. या व्यवस्थेत एनएस-१ चाही हात आहे. शिवाय ते पेशीबाहेर रक्तात सांडतं. तापाच्या पहिल्या दिवसांत आम्ही एनएस-१ अँटिजेन टेस्ट करतो ती याच प्रथिनाची. रुग्णाच्या रक्तात दिसणारी ती रेघ म्हणजे कुठल्यातरी पेशीत प्रती काढण्याचं काम सुरू झाल्याची खबर आहे.

चिकुनगुन्याही पॉझिटिव्ह, साखळी सुमारे ११,८०० न्यूक्लिओटाइडची. त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती फार नेटकी आहे. त्याचं पॉलिमरेज, एनएसपी-४, आधी एनएसपी-१२३ या न कापलेल्या जोडप्रथिनासोबत काम करतं आणि तेव्हा निगेटिव्ह साखळ्या काढतं. काही तासांत प्रोटिएज त्या जोडप्रथिनाचे तीन तुकडे करतो आणि तेच पॉलिमरेज आता पॉझिटिव्ह साखळ्या काढू लागतं. नव्या निगेटिव्ह बनणं बंद. कात्री एकदा चालली की कामाची दिशा बदलते आणि परत फिरत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी नागपूरकरांनी दूरचं उदाहरण घ्यायची गरज नाही. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला इथल्या चांदीपुरा या जागेचं नाव दिलं. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांचा शोधनिबंध १९६७ चा. बरीच वर्षं तो फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यातली १८३ दगावली, तेव्हा या विषाणूकडे देशाचं लक्ष गेलं. विदर्भानेही त्याचा फटका सोसला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा आला. पसरवते वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कडेला राहते. आपल्याकडे या विषयाच्या शिकवणीत चांदीपुराचं नाव एका ओळीत उरकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या शहराच्या नावाशी जोडलेला विषाणू इथल्या मुलांना नीट माहीत असायला हवा.

चांदीपुरा रेबीजच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. जीनोम सुमारे ११,१०० न्यूक्लिओटाइडचा, एकच साखळी, पण निगेटिव्ह. ही साखळी पेशीद्रवात आली तर रायबोसोमला तिचा काही उपयोग नाही, कारण ती अर्थाने उलटी आहे. आधी तिची पूरक प्रत निघाली तर प्रथिन बनेल. प्रत काढायला पॉलिमरेज हवं. पॉलिमरेज हे प्रथिन आहे, ते बनायला आधी प्रत हवी. या चक्रातून सुटायचा एकच रस्ता आहे: पॉलिमरेज विषाणूने सोबत, तयार, अंगातच घेऊन यायचं.

आणि तसंच आहे. १९७० मध्ये डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस ह्युआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू घेतला. हा चांदीपुराचा अगदी जवळचा भाऊबंद, मुख्यतः गुराढोरांचा. त्यांनी विषाणूचे कण शुद्ध केले, डिटर्जंटने आवरण सैल केलं आणि न्यूक्लिओटाइड घातले. पेशी नाही, रायबोसोम नाही, तरी परीक्षानळीत आरएनए तयार झाला. एन्झाइम विषाणूच्या अंगात होतं. त्याच वर्षी बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी वेगवेगळ्या प्रयोगांतून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, शोधलं, ज्यासाठी १९७५ चं नोबेल मिळालं. पुस्तकांत ते शोध ठळक छापले जातात. माझ्या मते निगेटिव्ह विषाणूंचा हा शोध समजण्याच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. १९७१ मध्ये बाल्टिमोरनी विषाणूंचे वर्ग पाडले ते याच कसोटीवर, की मेसेंजर आरएनएपर्यंत कोण कुठल्या वाटेने पोचतो.

तुमच्या प्रश्नातला ‘प्रत्यक्ष फरक’ इथे दिसतो. चांदीपुराचा शुद्ध, नागवा आरएनए पेशीत सोडला तर काहीच होत नाही. प्रयोगशाळेत निगेटिव्ह विषाणू डीएनएच्या प्रतीवरून उभा करायचा असेल तर जीनोमसोबत एन, पी आणि एल ही तीन प्रथिनंही पेशीत बनतील अशी तजवीज करावी लागते. रेबीजच्या बाबतीत हे १९९४ मध्ये पहिल्यांदा साधलं. पॉझिटिव्ह विषाणूंत हेच काम त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, कारण तिथे नुसती साखळी पुरते.

एल म्हणजे पॉलिमरेज. पी हा त्याचा मदतनीस, जो एलला साच्यावर बसवतो. एन हे आरएनएला अंगभर लपेटून असतं, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूत दर नऊ न्यूक्लिओटाइडना एक एन. पॉलिमरेजला उघडा आरएनए चालत नाही, एनने लपेटलेलाच साचा लागतो. पेशीच्या पहारेकऱ्यांनाही त्यामुळे हा आरएनए सहजी सापडत नाही. पटलांच्या कप्प्यांऐवजी या कुळातले विषाणू पेशीद्रवातच स्वतःच्या प्रथिनांचे दाट थेंब तयार करतात आणि त्यांत प्रती काढतात. रेबीजने मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूत दिसणाऱ्या नेग्री बॉडी, ज्या १९०३ पासून निदानासाठी वापरल्या गेल्या, त्या म्हणजे असेच कारखाने आहेत हे शतकानंतर कळलं.

चांदीपुराच्या साखळीवर तीन-प्राइम टोकाकडून जनुकं ओळीने आहेत: एन, पी, एम, जी, एल. पॉलिमरेज फक्त तीन-प्राइम टोकालाच चढू शकतं, मधल्या कुठल्या जनुकावर थेट नाही. प्रत्येक जनुकाच्या शेवटी ते थांबतं, मेसेंजर आरएनए सोडतं आणि पुढचं जनुक सुरू करतं. पण दर थांब्यावर सुमारे २० ते ३० टक्के पॉलिमरेज पुढे जातच नाहीत, गळून पडतात. गणेशपेठ आगारातून सुटलेली एसटी समजा: चढायचं ते आगारातच, वाटेत उतरणारे दर थांब्यावर उतरतात, नवं कुणी चढत नाही. २५ टक्के धरलं तर एनच्या १०० प्रतींमागे पीच्या ७५, एमच्या ५६, जीच्या ४२ आणि एलच्या सर्वांत कमी. आता हा क्रम किती शहाणपणाचा आहे बघा. एन शेकड्यांनी लागतं कारण अख्खी साखळी लपेटायची आहे. एल हे एन्झाइम आहे, थोडं पुरतं. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या एका कणात एन सुमारे १,२०० असतात आणि एल सुमारे ५०. कुठलाही वेगळा नियंत्रक न ठेवता, नुसत्या जनुकांच्या क्रमाने हे प्रमाण साधलेलं आहे.

दोन बारकावे. जनुकाच्या शेवटी साच्यात सात युरिडिन ओळीने असतात. पॉलिमरेज तिथे पुढे सरकण्याऐवजी पुन्हा पुन्हा तेच वाचतं आणि त्यातून पॉली-ए शेपूट तयार होतं. कॅपही एल स्वतःच लावतं, तेही आपल्या पेशीपेक्षा निराळ्या रासायनिक मार्गाने. औषध शोधणाऱ्यांनी या निराळेपणाकडे लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं, कारण पेशीला धक्का न लावता तिथे घाव घालता येऊ शकतो.

पण तुकड्या-तुकड्यांच्या मेसेंजर आरएनएने नवा विषाणू बनत नाही, त्यासाठी सलग पूर्ण प्रत हवी. मग पॉलिमरेज थांबे ओलांडून सलग कधी चालतं? सुरुवातीला पेशीत मोकळं एन नसतं, म्हणून नुसते मेसेंजर आरएनए निघतात. एन पुरेसं साठलं की बाहेर पडणाऱ्या नव्या साखळीला ते लगेच लपेटू लागतं आणि अशा वेळी पॉलिमरेज थांबण्याच्या खुणा ओलांडून थेट पाच-प्राइम टोकापर्यंत जातं. ही पूर्ण पॉझिटिव्ह प्रत, तिच्यावरून नवे निगेटिव्ह जीनोम. पी प्रथिनावर फॉस्फेट आहे की नाही यावरही हा बदल अवलंबून असतो. चांदीपुराच्या बाबतीत याचा अभ्यास कोलकाता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या गटाने केला. नागपुरात सापडलेल्या विषाणूचं हे मूलभूत काम आपल्याच देशात झालं, ही तुम्हा विद्यार्थ्यांनी जरूर वाचायची गोष्ट आहे.

हे सगळं पेशीद्रवात घडतं, काही तासांत. त्याच वेळी या कुळातलं एम प्रथिन केंद्रकातून पेशीचे मेसेंजर आरएनए बाहेर येण्याची वाट अडवतं. रायबोसोम विषाणूसाठी मोकळे होतात आणि इंटरफेरॉनचा निरोपही केंद्रकातच अडकतो. संध्याकाळी ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवशी झटके येऊन बेशुद्ध होतं, अनेकदा २४ ते ४८ तासांत दगावतं, त्या वेगामागे विषाणूची ही चपळाई असावी. चांदीपुरावर आज खास औषध नाही, लस नाही. झटके आवरणं, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणं हेच उपचार. म्हणून गडचिरोली-गोंदियाकडच्या डॉक्टरांना मी कळकळीने सांगते, पावसाळ्यात तापासोबत झटके आलेलं मूल दिसलं की निदानाची वाट न बघता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयात हलवा. नमुना मागाहून पोचला तरी चालेल.

फ्लूही निगेटिव्ह, पण त्याची आठही तुकड्यांची साखळी केंद्रकात जाते. कारण त्याच्या पॉलिमरेजला कॅप स्वतः बनवता येत नाही. ते पेशीच्या ताज्या मेसेंजर आरएनएची कॅप पुढच्या १० ते १३ न्यूक्लिओटाइडसकट कापून घेतं आणि तिथून स्वतःची साखळी सुरू करतं. आता ॲक्टिनोमायसिनचा प्रयोग आठवा. ते घातलं की पेशीचे नवे मेसेंजर आरएनए बंद, चोरायला कॅपच नाही, म्हणून फ्लू थांबतो. चांदीपुराचे भाऊबंद मात्र थांबत नाहीत. बॅलोक्साव्हिर हे फ्लूचं औषध याच कापणाऱ्या भागावर बसतं.

कोरोना पॉझिटिव्ह आहे, साखळी जवळजवळ ३०,००० न्यूक्लिओटाइडची. बहुतेक आरडीआरपी दर दहा हजार ते लाख अक्षरांत एक चूक करतात आणि ती सुधारत नाहीत. डेंग्यूएवढ्या साखळीला ते परवडतं, एवढ्या लांबीला परवडणार नाही. म्हणून कोरोनाजवळ चुकीचं अक्षर छाटणारं एनएसपी-१४ हे जादा एन्झाइम आहे. रेमडेसिव्हिर साखळीत शिरल्यावर लगेच न थांबवता आणखी तीन अक्षरांनंतर अडवतं, तोवर छाटणाऱ्याला त्याच्यापर्यंत पोचणं अवघड झालेलं असतं.

एचआयव्हीची वाट अगदी वेगळी. तो आरएनएचा डीएनए करून आपल्या गुणसूत्रात बसवतो, मग पेशीचं पॉलिमरेजच त्याचा आरएनए काढतं. आणि सुरुवातीच्या ‘कुठलंच नाही’ला एक खरा अपवाद आहे: हिपॅटायटिस डी. सुमारे १,७०० न्यूक्लिओटाइडचा हा वर्तुळाकार आरएनए पेशीच्या आरएनए पॉलिमरेज दोनकडून, जे एरवी डीएनए वाचतं, आरएनएवरूनच आरएनए काढून घेतो. ते नेमकं कसं वळवलं जातं यावर अजून काम चालू आहे. परीक्षेत नियम लिहाल तेव्हा हा अपवाद लिहायला विसरू नका.

आता तिसरा प्रश्न, जो रुग्णाचे नातेवाईकही वेगळ्या शब्दांत विचारतात. आरटी-पीसीआर आरएनएचा एक लहान तुकडा मोजतो. तो तुकडा वाढणाऱ्या विषाणूचा आहे, नष्ट झालेल्या विषाणूचा आहे की झडलेल्या पेशीत अडकून राहिलेला आहे, हे त्यातून कळत नाही. कोविडमध्ये सौम्य आजाराच्या रुग्णांकडून साधारण दहा दिवसांनंतर वाढवता येईल असा विषाणू क्वचितच मिळायचा, पण आरएनए कित्येक आठवडे सापडायचा. सीटी व्हॅल्यूने, म्हणजे सिग्नल दिसायला लागलेल्या पीसीआरच्या सायकलींच्या आकड्याने, प्रमाणाचा अंदाज येतो, साधारण ३.३ सायकल म्हणजे दहापट फरक. मात्र घशातला स्वॅब नीट घेतला नसेल तर तोही अंदाज फसतो. नवतप्याच्या उन्हात बर्फाशिवाय आलेल्या नमुन्यात आरएनए तुटलेला असतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात माणसाच्या जनुकाचा कंट्रोल बघितल्याशिवाय निगेटिव्ह रिपोर्टवर सही करू नये.

विषाणू त्या वेळी वाढतो आहे हे दाखवायचं असेल तर प्रतींच्या वाटेवरचा आरएनए शोधावा लागतो. डेंग्यूत निगेटिव्ह साखळी, कारण ती विषाणूच्या कणात नसते, फक्त काम चालू असलेल्या पेशीत असते. चांदीपुरात उलट, तिथे मेसेंजर आरएनए किंवा पूर्ण पॉझिटिव्ह प्रत शोधायची, कारण निगेटिव्ह तर कणातच भरलेली आहे. नेहमीच्या वन-स्टेप किटने हे जमत नाही. त्यात दोन्ही प्रायमर, म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, एकाच वेळी असतात, त्यामुळे दोन्ही साखळ्यांवरून डीएनए बनतो. एकच प्रायमर वापरून आधी डीएनए करावा लागतो आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण आरएनए स्वतःवरच दुमडून प्रायमरशिवाय सुरुवात करून देतो. म्हणून प्रायमरला विषाणूत कुठेच नसलेला एक जादा क्रम जोडतात आणि पुढच्या पीसीआरमध्ये त्या क्रमावरच दुसरा प्रायमर बसवतात. शिवाय रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज घातलं पण प्रायमर घातला नाही अशी एक नळी सोबत चालवतात. ती नळी कोरी आली तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे करायचं ठरवलंत तर प्रयोगशाळेत तयार केलेल्या शुद्ध पॉझिटिव्ह आणि शुद्ध निगेटिव्ह आरएनएवर आधी पद्धत तपासा. चुकीच्या साखळीवर हजारपट जास्त आरएनए घालूनही सिग्नल येत नसेल, तेव्हाच रुग्णाचा नमुना हातात घ्या.